तीन नळ्या रक्त

हुबळी, १२ ऑगस्ट २००७

ती. अक्का,

धाकट्या महादेवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघ्याचं दुखणं उतरलं का? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून, आणि मला झालंय ते दुखणं नाही, मूर्खपणा आहे. (फोनवरच सांगितलं असतं, पण दुकानातलं बोलणं हमालही ऐकतात.)

त्याचं असं झालं. रूपा नावाची एक हुशार मुलगी संशोधनासाठी रक्त गोळा करत आमच्या मिरचीच्या दुकानापर्यंत आली. दूध प्यायल्यानं वजन वाढतं का, हाडं टणक होतात का, हे तिच्या लोकांना शोधायचंय. नुसतं लोकांना विचारून ते कळत नाही म्हणे, कारण दूध पिणारा तूपही खातो (जयलक्ष्मीच्या आग्रहामुळे) आणि दुपारी झोपतोही (मी). पण मोठेपणी दूध पचणार की नाही हे जन्माआधीच ठरतं. आईबापांच्या अंगातून चिठ्ठ्या उचलाव्यात तसं, तिथं कुणाची श्रीमंती किंवा हुशारी चालत नाही. मग चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले यांची वजनं ताडून पाहायची. मला हे इतकं पटलं की मी घरच्या तिघांचे दंड पुढे केले: माझा, जयलक्ष्मीचा आणि प्रभंजनचा. अर्जात 'मूल जन्मानं तुमचंच का' असा प्रश्न होता. मी ठासून 'होय' लिहिलं. अक्का, मी खोटं लिहिलं नाही! तो अठरा दिवसांचा असताना तू त्याला जयलक्ष्मीच्या ओटीत घातलंस, होम झाला, गोत्र बदललं, भटजी म्हणाले, आता हा जन्मानंच तुमचा. सव्वीस वर्षांत मला दुसरं काही आठवलंही नव्हतं.

रक्त घेऊन झाल्यावर रूपानं सहज सांगितलं, आधी आईबापांशी मुलाचं जुळतं का ते पाहतात. प्रभंजनला कळू द्यायचं नाही ही जयलक्ष्मीची अट. ती तू निमूट पाळलीस, पोटच्या पोराकडून आत्या म्हणवून घेतलंस, आणि आता बिंग एका नळीतून फुटणार! पोरगा आपल्यापासून तुटेल, ही एकच धास्ती. दुसऱ्या दिवशी नवनगरला तिच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, आम्हाला सुतक होतं, सुतकातलं रक्त चालत नाही, परत द्या. बिचारीनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोण गेलं ते विचारलं. ऐन वेळी मला अळणावरच्या सटवाजीकाकांना मारावं लागलं. (ते ठणठणीत आहेत, भेटले तर बोलू नकोस.) मग एका मित्राच्या वतीनं विचारलं, दत्तकाच्या होमानं रक्तात थोडाफार तरी फरक पडतो का? तिनं माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मी चपला विसरून बाहेर आलो.

तर आता काय करावं ते तूच कळव. आपल्या घरात डोकं एकट्या तुझंच चालतं.

तुझा
महादेव

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज रूपा माझ्या चपला घेऊन आली. म्हणाली, प्रभंजननं पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मी दत्तक आहे, चालेल का? अप्पांना बोलू नका, सुम्ने, उगाच घाबरतील." (दहावीपासून ठाऊक आहे त्याला! कागद मीच तिजोरीत ठेवले आणि किल्लीही मीच त्याच्या हातात दिली.) रक्तातून काय येतं आणि घरच्या ताटातून काय येतं हे वेगळं काढायला अशी घरं तिला हवीच होती म्हणे. सव्वीस वर्षं मी ज्याला जपत होतो, तो गेली अकरा वर्षं मलाच जपत होता. मिरचीच्या पोत्यांमागे जाऊन पोटभर रडलो. तिथं डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही.

आणखी एक. रूपाला आता तुझ्या रक्ताची नळी हवी आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात ये. प्रभंजन स्टेशनवर घ्यायला येईल. तिथं तुला काय म्हणून हाक मारू, असं त्यानं विचारलंय. तू 'आत्याच' म्हणशील, मला माहीत आहे. तसं म्हणू नकोस. हे शेवटचं वाक्य जयलक्ष्मीनं शेजारी बसून लिहायला लावलंय.