शेवटच्या कडव्यातलं नाव

कोल्हापूर,
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

ती. श्रुतीताईस,

सप्रेम जय भीम. चंदगडात तू, संग्राम दाजी आणि पोरगी खुशाल असाल असं धरून चालते. तिकडचा पाऊस एकदाचा थांबला असेल, भातंही कापून झाली असतील. इकडं आम्ही बरे आहोत.

दिवाळीत तुझ्याकडं एक फोन आला होता, कुणी बोललं नाही आणि ठेवला, तो माझा होता. तू ‘हॅलो, कोण?’ म्हणालीस आणि मला पुढचं सुचेना. पत्राचं बरं असतं, समोरचा गप्प बसला तरी आपल्याला बोलता येतं.

हे बोलावणं नाही, ते आधीच सांगून टाकते. बोलावून कंटाळले असंही नाही, कारण मी कधी बोलावलंच नव्हतं. मला फक्त एक माहिती हवी आहे. शाहूवाडीच्या कार्यक्रमाच्या कॅसेटवर तुझ्या मागं जो बाईचा आवाज आहे तो कोरसातल्या चिमणाबाईंचा की दुसऱ्या कुणाचा? मी ऐकून ऐकून दमले.

आता हे कशासाठी ते सांगते. आबांच्या गायन पार्टीच्या सगळ्या कॅसेटी मी काँप्युटरवर चढवून घेतल्या. राजारामपुरीत जिनेंद्रचं दुकान आहे, तुझ्या वर्गातला, जाड चष्म्याचा. लग्नाच्या कॅसेटींच्या सीडी करून देतो. आपल्या कॅसेटींना बुरशी धरली होती, त्यानं एकेक पुसून, वाजवून, प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल करून दिली. त्या फाइलीच्या पोटात म्हणे चौकटी असतात: गाण्याचं नाव, गायक, गाणं बांधणारा, अल्बम, वर्ष, प्रकार, शेवटी शेरा. त्याला टॅग म्हणतात. चौकटी भरल्या की गाणं वाजताना प्लेअरच्या काचेवर ते नाव दिसतं. नाही भरल्या तर सगळी गाणी बेवारस. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर मी पुस्तकांचं हेच करते आणि घरी येऊन गाण्यांचं.

जिनेंद्रनं भल्या मनानं त्या चौकटी आपणहून भरून दिल्या होत्या. घरी आणून बघते तर निम्म्या गाण्यांचे गायक वस्ताद आकाराम! आबांचे गुरू, आपल्या घरात टेपरेकॉर्डर यायच्या आधी गेलेला माणूस. मेल्यावर एवढा गायला. मी तशीच उलटी दुकानात गेले.

“अगं, शेवटच्या कडव्यात नाव येतंय की त्यांचं,” जिनेंद्र म्हणाला. “आमच्यातबी पूजेला पदं म्हणत्यात, शेवटी ज्याचं नाव येतंय त्याचंच पद ते. म्हणून मी काय केलं, निसतं शेवटचं कडवं ऐकलं आणि नाव टाकलं. एवढी गाणी कोण पुरी ऐकत बसतंय?”

“आणि सगळ्यांचा प्रकार ‘ब्लूज’ का टाकलास?”

“ते मशीनच टाकतंय. यादीतलं पयलं नाव हाय ते. कोण बदलत बसतंय?”

त्याच्यावर काय चिडायचं? शेवटच्या कडव्यात नाव येतं ते गाणं बांधणाऱ्याचं, गाणाऱ्याचं नव्हे, हे आपल्या घरात पाळण्यातल्या पोराला कळतं. आणि आबांनी तर स्वतःची कितीतरी गाणी वस्तादांच्या नावानं बांधली. गुरूसाठी तसं करतात हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगायचं?

तर हे सगळं निस्तरणं माझ्याकडं आलं. आधी मी कंटाळून सगळ्या फाइली एकदम निवडल्या आणि गायकाच्या चौकटीत आबांच्या नावानं ‘बाळासो आणि पार्टी’ एकदाच लिहून मोकळी झाले. कॅसेटवर तेच छापलेलं असायचं. तेही इंग्रजी अक्षरांत, कारण तो छोटा प्लेअर मराठीला नुसते चौकोन दाखवतो. आबांना इंग्रजी अक्षरं जमतात, फौंड्रीत साच्यांवरची वाचून वाचून.

प्लेअर त्यांच्यासाठी घेतला. त्यांचं बोलणं गेलंय, ताई. उजवी बाजूही गेली. हे तुला कुणाकडून तरी कळलं असेल असं मी समजत होते, आणि तू कळून आली नाहीस म्हणून तुझ्यावर मनातल्या मनात चिडतही होते. मग वाटलं, कळलं नसेलच. कळवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. वर ‘बरे आहोत’ लिहिलं ते सवयीनं.

तर डाव्या हातात प्लेअर दिला. गाणं ऐकतील, डोळे मिटतील, मला अर्धा तास पाठ टेकता येईल असं वाटलं होतं. कुठलं काय! ते ऐकेनात. नुसतं बटण दाबत राहिले. नावांच्या यादीत खाली जायचं, वर यायचं. यादीत नाव होतं एकच. शेवटी प्लेअर अंथरुणावर सारून दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं वस्तादांच्या नावाची गाणी हवी असतील, ती वेगळी करून दिली. तरी तेच.

मग मी नीट बसले. प्रत्येक गाणं पुरतं ऐकायचं आणि जो गातोय त्याचं नाव घालायचं. सुट्टीच्या दुपारी हेच. तुझा आवाज एवढ्या वर्षांनी घरात वाजला. स्वयंपाकघरातून आल्यासारखा वाटला मला, तू तिथंच गात असायचीस म्हणून. तुझी गाणी वेगळी काढली, वर तुझं नाव घातलं. वर्ष मला माझ्या खोकल्यावरून कळतं. सगळ्या कार्यक्रमांना टेप माझ्याच मांडीवर असायचा, कारण मला सूर नव्हता. ज्या वर्षी मला दम्यानं धरलं त्या वर्षीच्या सगळ्या गाण्यांत मी खोकलेय.

दुसऱ्या दिवशी प्लेअर हातात दिला. आबा यादीत खाली गेले आणि थांबले. काचेवर तुझं नाव होतं. त्यांनी गाणं लावलं नाही. नावावर अंगठा ठेवला आणि दाराकडं बघितलं. नंतर माझ्याकडं बघितलं आणि परत दाराकडं. मी म्हटलं, “आबा, कुणी न्हाय, वारं हाय.” दुसरं काय म्हणणार होते?

मला राग आला. रडू नंतर आलं, आधी राग आला. भरवते मी, कूस बदलते मी, अंथरूण धुते मी. आणि त्यांचा अंगठा तुझ्या नावावर. एक नाव त्यांनी शोधलं तेही तुझं, जिला भर जयंतीच्या सवाल-जवाबाच्या सामन्यात माइकवरून ‘समोर बसलीया ती माझी कोन न्हाय’ म्हणाले होते. तुझं दाजींच्या पार्टीत जाणं, आबांच्या समोरच्या स्टेजवर बसणं, त्यांच्या सवालाला तुझं उत्तर, लोकांच्या टाळ्या आणि त्यानंतरचं ते वाक्य, सगळं टेपवर आहे. त्या फाइलीत मी गायकाची चौकट रिकामी ठेवली. पुसून टाकावी असं खूप वाटलं, पण माझ्या हातून टेप पुसला जात नाही.

एवढंच असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं. तुझ्या नावाची एक फाइल जिनेंद्रनं आधीच करून ठेवली होती, त्याच्या मूळ सीडीवर ते नाव तसंच राहिलं होतं. मला वाटलं, चला, एक तरी बरोबर घातलं. पण गाणं लावलं तर आवाज आबांचा. ढोलकी नाही, कोरस नाही, नुसती पेटी, आणि टेप घरातच केलेला. हे गाणं तुला ठाऊक असणं शक्य नाही. मलाही नव्हतं. माझ्या मांडीवर नसलेला एवढा एकच टेप. शाळेला निघालेल्या पोरीचं गाणं आहे. चाल तुझी आहे, पाणी भरताना गुणगुणायचीस ती.

मधेच बनाबाई मला हाक मारतात, “दीक्षा, पानी आलंय गं!” बनाबाई आपल्या शेजारी राहायला आल्या त्या तू गेल्यावर, म्हणजे गाणं त्या जयंतीनंतरचं. आबा पेटी थांबवतात आणि म्हणतात, “न्हाय घरात ती! मी भरतो, व्हा तुमी फुडं.” आणि पाणी जाऊ देतात, गाणं परत सुरू करतात. त्यांचा बोलताना आवाज कसा होता ते मी विसरायला लागले होते. ते एक वाक्य मी किती वेळा मागं घेऊन ऐकलं ते विचारू नकोस.

शेवटचं कडवं आलं. ‘म्हणे बाळासो’ यायला हवं तिथं ते ‘म्हणे श्रुती’ म्हणाले. मला वाटलं चुकले. मग त्यांनी ओळ परत घेतली, आणि परत तेच.

जिनेंद्रनं नेहमीप्रमाणे नुसतं शेवटचं कडवं ऐकलं आणि नाव टाकलं. चूकच ती. पण ताई, आपल्याकडं स्वतःचं गाणं गुरूच्या नावानं बांधतात. पोरीच्या नावानं बांधलेलं मी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. त्या सामन्यात तू त्यांना हरवलंस ते त्यांनी मान्य केलंय, तेही वस्तादांच्या रांगेत बसवून. फक्त तुला सांगितलं नाही. मग सांगता येईना झालं.

आबांनी गुरुवारपासून तोंड मिटलंय. चमचा लावला की मान फिरवतात. परवा दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या. हे मला पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

चिमणाबाईंचा आवाज मला ओळखता येतो. ते विचारायचं निमित्त होतं.

बोलावणं नाही असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, पण आता बोलावते. ये. पत्र मिळेल त्या दिवसाची एसटी धर. दाजींना घेऊन ये, पोरीला घेऊन ये. माफी मागायची नाही, मागून घ्यायची नाही, ते दोन्ही आता होण्यासारखं राहिलेलं नाही. त्यांच्या कानाशी बसून ते गाणं म्हण, शब्द मी उतरवून ठेवलेत. शेवटच्या कडव्यात कुणाचं नाव घ्यायचं ते तू ठरव.

त्या फाइलीच्या चौकटी मी नीट केल्या. गायक, बाळासो. गाणं बांधणारी, श्रुती. टेप करणाऱ्याला चौकट नसते, म्हणून बाकीच्या सगळ्या फाइलींत शेऱ्याच्या जागी माझं नाव मी मीच लिहून टाकलं. कुणी लिहील म्हणून वाट बघण्यात अर्थ नव्हता. या एका फाइलीत ते लिहावं लागलं नाही. माझं नाव त्या गाण्यात आधीच आहे.

नळाला पाणी आता सकाळी येतं. मी भरून ठेवते. तू फक्त ये आणि गा.

तुझी,
पाणी आलं की जिला हाक मारतात ती,
दीक्षा