सत्याच्या राहिलेल्या नऊ सुया

अमरावती
१२ फेब्रुवारी १९६०

ती. दादास मनकर्णाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. कचेरीत मोठा बाबू झालास, तरी अक्षर कोंबडीच्या पायांचंच आहे.

इथे जिवाला घोर लागला आहे. सत्याच्या गालाला पिसाळलेलं कुत्रं चावलं. पोटात चौदा सुया घ्यायच्या, पाच झाल्या. आज लेकीच्या अंगावर गोवर उठला. सासूबाई म्हणतात, माय आली, देवी कोपते, आता सुई लावाची नाही. नर्स म्हणते, थांबवू नका. हे कापसाच्या जिनिंगच्या कामाला हिवरखेडला गेलेत. तू शिकलेला आहेस. उलट टपाली कळव.

तुझी मनकर्णा

जठारपेठ, अकोला
१४ फेब्रुवारी

चि. मनकर्णास अनेक आशीर्वाद.

घरातले देव मीच मोर्णा नदीत सोडले, त्यामुळे हे लिहायची लाज वाटते. पण आपली बहीण भागीरथा डोळ्यांपुढून हलत नाही. गोवरात तिला सुई टोचली आणि चौथ्या दिवशी ती गेली. गोवर ओसरेपर्यंत सुया थांबव. उरलेल्या नऊ मग घेता येतील. सत्याला माझा पापा.

तुझा देवमनदादा

अकोला
८ मार्च

चि. मनकर्णास आशीर्वाद.

सत्याला मसणात पोचवून परत कामावर आलो. कचेरीत मान वर केली की दारात ती उभी दिसते, गालावर पट्टी असलेली. एकच विचारतो. तिचे हातपाय लुळे पडले, वाचा गेली, पण पाण्याला ती भ्याली नाही. म्हणजे गोवरच मेंदूत गेला ना? डॉक्टर काय म्हणाले ते खरं लिही.

देवमन

अमरावती
२ एप्रिल

ती. दादास जयभीम.

मुंबईहून तिच्या मेंदूच्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टरांनी नीट समजावलं. सत्याच्या मेंदूत एकाच वेळी दोन विषाणू होते, गोवराचा आणि कुत्र्याचाही. एक शिरला म्हणून दुसरा बाहेर थांबत नाही म्हणाले. आधी कोणी नेलं ते सांगता येत नाही. पण गोवरातून काही लेकरं वाचतात, कुत्र्याच्या विषातून कोणीच नाही.

मग त्यांनी विचारलं, सुया काहून थांबवल्या. मी सांगितलं, माझ्या मनानं. ह्यांनाही तेच सांगितलं. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत, ताटही स्वतःच वाढून घेतात.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसले होते. पण आहे. रविवारच्या गाडीनं ये आणि ह्यांच्यासमोर बसून तुझ्या तोंडानं सांग, की मी तुला विचारलं होतं आणि तू थांबव म्हणालास. तोवर मी तुझं नाव घेणार नाही.

लोभ अजून आहे. तो राहावा असं वाटत असेल तर ये.

मनकर्णा