बाबांना धरून

६ जानेवारी
नागपूर जेलचे आकडे आले एकदाचे! एकतीस डिसेंबरला आत किती माणसं होती — शिक्षा झालेले, कच्चे कैदी, बायका, म्हातारे. दरवर्षी राष्ट्रीय अहवालासाठी राज्यभरातून हे गोळा करायचं, जुळवायचं, वर पाठवायचं. बाकीचे जेल भराभर झाले. नागपूरच्या जन्मठेपेच्या आकड्यावर मी अडकले.
चंपतराव साहेब म्हणाले, "काय झालं वं रीना? चुकलं काय?"
नाही. बरोबर आहे. बाबांना धरून बरोबर आहे.

७ जानेवारी
आईशी आजही बोलले नाही.
मी बालवाडीत होते. काटोलजवळच्या आमच्या गावात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, भांडण झालं, बाबांच्या हातून शेजारचा माणूस गेला. आई मला घेऊन नागपूरच्या महाल भागात आली, ब्लाऊज शिवू लागली. सगळ्यांना सांगितलं — नवरा साप चावून मेला. मलाही तेच! गेल्या दिवाळीत मावशीच्या तोंडून निसटलं, तेव्हा कळलं — बाबा जिवंत आहेत, नागपूर जेलात.
बाबांचा चेहरा आठवत नाही. खांदा आठवतो. वर बसलं की संत्र्याची पानं तोंडाला लागायची.

९ जानेवारी
आकडे तपासायला जेलच्या ऑफिसात गेले. तिथले कारकून आपणहूनच सांगू लागले — "एक कवडू आहे मॅडम. घरी जायची रजा मंजूर झाली तरी जात नाही. म्हणते, मले जायले घर कुठी आहे!"
कवडू. बाबा.
मधे एक भिंत फक्त. ओळखपत्र दाखवून आत जायचं म्हटलं असतं तर कोणी अडवलं नसतं. चहा घेतला, थँक्यू म्हटलं, निघाले. बसस्टॉपवर खूप रडले.

१२ जानेवारी
साहेबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता नोकरीवर गदा. त्यांनी नागपूरची फाईल माझ्यासमोरून उचलली. मग म्हणाले, "नागपूरचे आकडे मी पाहतो. तू पोरगी म्हणून जाय. ओळखपत्र घरी ठेव, अन् रांगेत उभी राह्य."

१६ जानेवारी
बाबांनी भेटायला नकार दिला.

१९ जानेवारी
पुन्हा अर्ज. सोबत निरोप — भेटल्याशिवाय दारातून हलणार नाही. येतो म्हणाले! गुरुवारी.

२२ जानेवारी
काचेच्या पलीकडे एक म्हातारा. त्यानं पलीकडचा फोन कानाला लावला.
"काहून आली वं? शिकून राहिली ना तू?"
"शिकले बाबा. नोकरी करते."
"मंग मी तुहा बाप आहो, हे कोणाले सांगू नोको."
मला रागच आला. म्हटलं, आईनं सांगितलंच नाही कोणाला! मलासुद्धा नाही. तुम्ही मेलात म्हणाली.
त्यांनी मान हलवली. "तिले बोल लावू नोको. शिक्षा झाली त्या दिवशी मीच तिले तुह्या गळ्याची शपथ घातली — मी मेलो समज, इकडं पाय ठेवू नोको. पोरीले खुन्याची पोरगी म्हणतीन लोक."
 मग म्हणाले, "चहात अद्रक अजून तेवढंच टाकते का?"
"तेवढंच. घसा जळतो."
हसले! वेळ संपल्याची हाक आली तेव्हा काचेजवळ तोंड आणून म्हणाले, "तिले सांग, शपथ सुटली."

घरी आई ब्लाऊजला हुक लावत होती. सगळं सांगितलं. सुई थांबली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आपल्या तोंडानं म्हटलं त्यानं? सुटली म्हणून?"
"हो."
आणि पुढचा ब्लाऊज हातात घेतला. रागावली आहे की काय, कळत नाही.

२३ जानेवारी
सकाळी उठले तर आई घरात नाही! धावत जेलवर गेले. रांगेत सगळ्यात पुढं उभी, नवं लुगडं नेसून.
मला बघून म्हणाली, "तू ऑफिसले जाय वं. आजची भेट माही आहे."