दाखल्यावरची जन्मतारीख

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही तुमच्याच हातचं, तेव्हा यातल्या चुका तुम्हाला दिसतीलच. काल मुलगा शाळेतून आला तो तुमचं जुनं रजिस्टर घेऊन. तो आता परंड्याच्या तुमच्याच शाळेत कारकून आहे. स्वतःच्या नावासमोर बोट ठेवून म्हणाला, "अक्षर किती साफ हाय बघा, बाबा. मग गुरुजींकडून घोळ झाला कसा?" मी म्हणालो, "कुणाला ठाऊक." तेव्हापासून जेवण जात नाही.

त्याचं नाव घालायला मी आलो तो दिवस आठवतो. निजामाचं राज्य आहे, मी तहसिलीत चपराशी. तुम्ही टाक शाईत बुडवून जन्म विचारता. मी खरा सांगतो, आणि मग जवळ सरकून म्हणतो, "गुरुजी, वय दोन वर्षांनी कमी लावा. सरकारी नोकरी लागली तर वजिफ्यावर जायला तेवढाच उशीर." वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, जाताना रडणारी माणसं मी कचेरीत पाहिली होती. तुम्ही चष्मा काढता. "तू बाप हाईस का दलाल?" बाकीची मुलं हसतात. मी हात जोडून उभाच. शेवटी तुम्ही लिहिता आणि मान वर न करता म्हणता, "आता जल्मभर हेच सांगायचं. एकदा एक, एकदा दुसरं, असं चालायचं न्हाय." मी व्हय व्हय म्हणालो.

राज्य गेलं, विलीनीकरण झालं. मुलगा शेतकी कॉलेजातून पास झाला आणि पुढं शिकायला त्याला अमेरिकेत जागा मिळाली. तुम्ही आदल्याच साली गेला होता. तिकडून आलेला कागद तो चुलीपुढं बसून आम्हाला मराठीत सांगत होता. छातीचा फोटो लागेल, देवी टोचल्याचा दाखला लागेल, खर्चाची हमी लागेल. परवानगीशिवाय नोकरी करायची नाही, शिक्षण संपलं की परत यायचं. खोली दोघांत एक, भांडी ज्याची त्यानं घासायची. बायको शेंगदाण्याची चटणी कुटत होती. ती म्हणाली, "भांडीच घासायची तर एवढ्या लांब कशाला? हितं ढीग पडलाय, घास की." मुलगा लई हसला. तसा तो पुन्हा हसलेला मला आठवत नाही.

पासपोर्टसाठी जन्माचा पुरावा हवा होता. गावात नोंद नव्हती, म्हणून बापाचं प्रतिज्ञापत्र चालेल असं कळलं. मुलगा छातीचा फोटो काढायला सोलापूरला गेला आणि मी तहसिलीत. ज्या दाराबाहेर माझं स्टूल होतं, त्या दाराच्या आत उभा राहिलो. कारकून सहज म्हणाला, "शपथेवर सांगताय, काका. खोटं निघालं तर आत जाल." मी खरी तारीख सांगून टाकली. शाळेच्या दाखल्यावरची विसरलो होतो असं नाही. चांगली आठवत होती.

पासपोर्ट आला. मुलगा त्यातला स्वतःचा फोटोच पाहत बसला. मुंबईला व्हिसाच्या खिडकीशी पासपोर्ट आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवले गेले, तेव्हा आतल्या माणसानं विचारलं, "यातले तुम्ही कोणते?" कागद दुरुस्त होईपर्यंत तिकडचं कॉलेज सुरू झालं आणि जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या साली त्यानं अर्जच केला नाही. त्याच्याबरोबर द्यायची डबाभर चटणी आम्ही दोघांनी महिनाभर खाल्ली.

मुंबईहून परत आला त्या दिवशी त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाला, "गुरुजींनी तारीख चुकीची लिवली, बाबा." खरं सांगायची वेळ तीच होती. तुम्ही नव्हता, विचारायला कोणी जाणार नव्हतं. आजही शाळेत कोणी वय कमी लावा म्हणालं की तो तुमचीच गोष्ट सांगतो, नाव घेऊन. मी ऐकून घेतो.

हा कागद कुठं ठेवावा ते सुचत नाही. मुलाच्या हाती लागेल अशा जागी दोनदा ठेवला आणि दोनदा उचलला. आणखी एक राहिलं. ट्रंक ठेवून तो तसं म्हणाला, तेव्हा मी नुसता गप्प बसलो नव्हतो. मी म्हणालो, "म्हातारे झाले होते रे ते, हात कापायचा." रजिस्टरात लिहिलंत तेव्हा तुम्हाला पन्नाशीही लागली नव्हती.