कासवाची दुसरी बॅटरी

रविवार, १२ मार्च

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद. नवी नोकरी एव्हाना अंगवळणी पडली असेल. इकडे सगळं ठीक.

बातमी अशी, की कासव बाहेर काढलं. पाठीवर घर घेऊन फिरते म्हणून आपल्या कॅम्पर व्हॅनला हे नाव तूच ठेवलंस आणि तू परदेशी गेल्यापासून ती शेडमध्येच उभी होती. धुतली, पुसली. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात लागलं. दिवे आणि पंखा जिच्यावर चालतात ती मागची बॅटरी मात्र पार गेली होती. नवी आणली. दोन दिवसांत तीही उतरली.

मग मामाला बोलावलं. वायरिंग त्याचंच. मीटर काढता काढता सुरू झाला, "भावजी, पाहुणी आणलीत, पण तिला जेवायला कोण घालतंय ते बघितलंत का?"

तपासणी सोपी असते. इंजिन बंद असताना मागच्या बॅटरीला मीटर लावायचं, मग इंजिन सुरू करायचं. आकडा चढला तर ती चार्ज होतेय. पुढची, इंजिनची बॅटरी चढून चौदा व्होल्टवर गेली. मागची बारावर ढिम्म. मामाने फ्यूज बदलला, तारांची टोकं घासली. "मी केलेलं कनेक्शन सुटत नाही," हे मात्र दर पाच मिनिटांनी ऐकवत होता.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "टक्..." थांबली, दम घेतला. "टक् झालंच नाही अजून."

मामाने मीटर खाली ठेवलं.

इंजिन सुरू झालं की दोन बॅटऱ्या जोडणारा रिले टक् वाजतो. तू तान्ही असताना बरोबर त्याच्यावर झोपायचीस आणि तेवढ्याने जागी होऊन गाडी डोक्यावर घ्यायचीस. माऊ हे नाव त्या तिखट कानांमुळेच पडलं. शेवटी मामाने गादीखाली एक बटण बसवलं. तू झोपलीस की बटण बंद, उठलीस की चालू. बॅटरी अर्धपोटी राहायची, पण आम्हाला दोन घास सुखाने खाता यायचे.

मामाने गादी उचलली. बटण बंद. "ताईचं डोकं शाबूत आहे," तो म्हणाला, "आपण दोघे कामातून गेलो."

बंद मीच केलं होतं. तू जायच्या आधी तळ्यावर गेलो होतो, तिथून परतताना. तू मागे झोपली होतीस, पाय बर्थच्या बाहेर. एवढी मोठी बाई, तरी निघताना माझा हात आपोआप गादीखाली गेला. घरी आल्यावर तुझी बांधाबांध सुरू झाली आणि बटण तसंच राहिलं.

आता चालू केलं. टक्. आकडा चढत चौदाला टेकला. आई हसली, आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

ती फोनवर दोन वाक्यांत आटपते, ते घाईत असते म्हणून नाही, माऊ. थंडीपासून तिला रात्री श्वासाचं यंत्र लागतं. "पोरीला कळवलंत तर याद राखा," असा दम आहे मला. पण तिला एकदा तळ्यावर जायचंय. डॉक्टर म्हणाले, एक रात्र जा, फक्त यंत्र रात्रभर बंद पडता कामा नये. पुढच्या वर्षी नेलं तर, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

म्हणून हा सगळा बॅटरीचा खटाटोप. काल शेडमध्येच रंगीत तालीम केली. आई सकाळपासून बर्थवर, यंत्र बॅटरीवर. दुपारी विचारते, "अहो, तळं कुठे दिसत नाही ते?" दिवेलागणीपर्यंत यंत्र अखंड चाललं. बॅटरीत अजून जीव शिल्लक होता.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी निघतोय. तुझा बर्थ झटकून ठेवलाय. जमेल का असं विचारत नाही, ये. आईचा ओरडा मी खाईन.

बटण या वेळी चालूच राहणार. टक् झालं की जागी हो, आणि पुढे येऊन आईजवळ बस.

तुझी झोप मोडणारा,
बाबा