घंटेचा दोर

बल्लारशा, डिसेंबर १९६१

शांतवनदादाले सलाम,

आज इथल्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीची भाकर वाटाची. पाळकसाहेब म्हणाले, "भावाशी वाकडं असेल त्यानं आधी मिटवावं." तसा खाणीतला आमचा तापट मुकादम एका मजुराच्या गळ्यात पडला, "चाल बे, आता तरी माह्याशी बोल!" सारी मंडळी हसली, दादा! भाकरीचं ताट माह्यापाशी आलं, पण मी न घेताच उठलो.

नांदुऱ्याच्या चर्चमधल्या घंटेचा दोर मीच कापला होता, बैल बांधाले. आळ तुह्यावर आला, प्रभुभोजनातून तुले काढलं, तरी तू माह्यं नाव घेतलं नाही.

हे पत्र टाकत नाही, मीच गाडीत बसतो. येत्या रविवारी नांदुऱ्याच्या मंडळीपुढं सारं सांगतो. मंग तुले प्रभुभोजनात परत घेतलं अन् तू ताट पुढं केलं, तरच भाकर घेईन.

तुहा धाकटा,
प्रभुदास