चौरंगावर उतरवलेला कॉम्प्युटर

शुक्र. २१ ऑक्टो. ८८

काल लिहिलं ते चूक आहे. ‘दसऱ्याची पूजा झाली, कॉम्प्युटरला टेबलावरच हार घातला.’ तसं नव्हतं. मी बाजूला बसलेली, मागच्या खोलीत. नुसती घंटा ऐकून लिहिलं. पाहिलं नाही ते लिहायला नको होतं. खरं असं, आज दादाकडून कळलं : बाबांचे थोरले भाऊ मोठेबाबा आणि त्यांचा मुलगा सुधीरदादा, दोघांनी तो उचलून पुढे दुकानात नेला, पाने-पकडींच्या शेजारी चौरंगावर ठेवला. आरती झाल्यावर परत टेबलावर.

मी असते तर आधी पार्क केला असता. आतल्या तबकडीवरची सुई कडेला नेऊन ठेवायची, मगच हलवायचं. पंपांच्या या दुकानात हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. विचारलंही नाही कोणी.

आज सकाळी दादानं सुरू केला. पडद्यावर १७०१, म्हणजे डिस्कमध्ये बिघाड. पुढे काही नाही. तिथूनच ओरडला, “कुंदे, तुह्या डबा मेला वं!”

दुपारी

मोठी आई ताट दाराशी सरकवताना : “बुधवारी सांजच्याले तू मशीनवर बसली होती न? तवाच आली असन तुले. विटाळ पोचला त्याले.”

बुधवारी काही नव्हतं. गुरुवारी पहाटे. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. मग स्वतःचाच राग आला. आठवून कशाला पाहायचं?

शनि. २२, सकाळ

मी उंबरठ्याच्या अलीकडे, दादा टेबलाशी. फ्लॉपी घालून सुरू करायला लावला. A आला. म्हणजे मशीन जिवंत आहे. C टाईप कर म्हटलं, आतल्या डिस्कचं अक्षर. असा ड्राइव्हच नाही म्हणतो.

“खाली कान लाव. घूं आवाज येतो का?”

“पंखा ऐकू येऊन राहिला.”

“पंख्याचा नाही. त्याहून बारीक.”

त्यानं गाल टेकवला. “येऊन राहिला न. गिरणीवानी. आता काय पाहू डॉक्टरीणबाई, जीभ?”

तबकडी फिरते आहे. वीज पोचते आहे. मग उचलाउचलीत आतली चपटी वायर निसटली असावी. किंवा सुई रुतली असेल तर... ते नंतर. आधी वायर. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला मोटारींच्या टेबलाशीच शिकवलं, अक्षरंसुद्धा पंपांच्या पाट्यांवरची. तेव्हापासून सांगतात, बंद पडलेल्याला शेवटी कोणी हलवलं ते आधी विचार.

दादाला म्हटलं, झाकण काढ.

“मोटर सांग, आत्ता खोलतो. हे नाई. मोठेबाबा तुह्ये, पण बाप माह्या हाये. जीव घेईन तो माह्या.”

दुपार

मोठेबाबांनी पुण्याला फोन लावला. कंपनीचा माणूस सोमवारी येतो. डिस्क कोरी करून नव्यानं सुरू करू म्हणाला. कोरी! फाल्गुनापासून भरलेल्या साऱ्या मोटारींच्या गॅरंट्या आहेत त्यात. फ्लॉपीवर पोळ्यापर्यंतच्याच, नव्या फ्लॉप्या मागितल्या होत्या, आणल्या नाहीत.

फोन ठेवून मोठेबाबा म्हणाले, “आता सुधीरच बसन मशीनवर. पोरीचं हे असं दर महिन्याचं, जमत नाई.”

मग मी सांगितलंच. दारातून, मोठ्यानं. फाल्गुनापासून दर महिन्याला त्या दिवसांतही मीच बसत होते. आली हे सांगितलंच नव्हतं. मशीन एकदाही बंद पडलं नाही. या वेळी देवाचं होतं म्हणून सांगितलं, बाजूला बसले, आणि याच वेळी पडलं!

दादा फस्सकन हसला. मोठी आई म्हणाली, “म्हणूनच! साठत गेलं असन.”



संध्याकाळ

बाबा दाराशी येऊन बसले. “तुह्या मोठेबाबाले कबूल केलं. उद्या सकाळी न्हाय, आपण मशीनवर गोमूत्र शिंपडू, मंग तू खोल. मी बसतो जवळ.”

त्यांनी हे भांडून आणलं आहे, कळतं मला. पण न्हाऊन खोललं आणि C आला, तर तो गोमूत्रानं आला. मग दर महिन्याला मी या खोलीत आणि दादा माझ्या खुर्चीत. तसंच सांगितलं त्यांना. न्हायच्या आधी खोलीन म्हटलं.

“अन् नाई आला त? जलमभर ऐकशीन.”

हो. वायर नसून सुईच असेल तर जन्मभर ऐकेन.

“बारका पेचकस द्या,” म्हटलं.

बाबा उठून गेले. आत्ता मी ताट बाहेर सरकवायला गेले, तर पेचकस उंबरठ्याच्या आत ठेवलेला. माझ्या बाजूला.

खोलायची वेळ आजच लिहून ठेवते : रविवार, २३ ऑक्टोबर. सकाळी. न्हाण्याआधी.